आमची वाटचाल: परत न आलेल्यांची वही

२०१४ साली जुळे सोलापुरात एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही समुपदेशन केंद्र सुरू केलं. पहिल्या जूनमध्ये जे लोक जिना चढून आले, त्यातले निम्मे बारावीच्या मुलांचे पालक होते. आपल्याकडे काउन्सेलिंग म्हटलं की मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या. एका गृहस्थांनी मुलाची मार्कलिस्ट टेबलावर पसरून "कुठं बसंल तेवढं सांगा" म्हणून विचारलं. मी पाणी दिलं आणि इथे प्रवेशाचं नाही, मनाच्या त्रासाबद्दल बोलणं होतं, हे सांगितलं. ते हसले, पण पुढे वर्षभराने मुलालाच घेऊन आले, वेगळ्या कारणासाठी.

हळूहळू जम बसला. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातून, एमआयडीसीतून, होटगी रोडकडून लोक यायला लागले. झोप नाही, छातीत धडधड, नवऱ्याचं पिणं, सासूचं बोलणं, मुलाचा मोबाईल. २०१७ पर्यंत आम्ही तिघी झालो होतो आणि मला स्वतःबद्दल बरंच चांगलं मत होतं.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात चेकिंगला होते. धागा तुटलेला, डिझाइन सरकलेलं असा माल व्यापाऱ्याकडून परत यायचा. मग तो कुणाच्या मागावरचा ते शोधून त्या माणसाला बोलावलं जायचं. आमच्या कामात खराब माल परत येत नाही. माणूस यायचा थांबतो, एवढंच. आणि मी काय करत होते, तर जो थांबला त्याच्या नावापुढे रजिस्टरमध्ये लिहीत होते: "बरे वाटले असावे."

पूर्व भागातल्या एका बाईंच्या नावापुढेही तेच लिहिलं होतं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.) तीनदा आल्या, मग बंद. सहा महिन्यांनी भाजी घेताना भेटल्या. मी विचारलं, "आता बरं आहे ना?" त्या म्हणाल्या, "कुठलं बरं, मॅडम. तुमी लई चांगलं बोलायचा. पण घरी गेल्यावर बहीण विचारायची, तू काय सांगितलीस, तर मला काय आठवायचंच नाही. तुमीच बोलत होता की."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी रजिस्टर काढलं आणि न सांगता थांबलेल्यांची वेगळी वही केली. ज्यांनी सुरुवातीला फोन करायला परवानगी दिली होती, त्यांना फोन केले. "परत या" म्हणायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. विचारायचं एकच: आमच्याकडून काय राहिलं? काहींना खरंच बरं वाटलं होतं. एकाला फी परवडत नव्हती आणि ते बोलायची लाज वाटली होती. एकीला आमच्या जिन्यावर नणंद भेटली होती. आणि बऱ्याच जणांनी आडून आडून तेच सांगितलं, जे त्या बाईंनी भाजीच्या गाडीजवळ सांगितलं होतं.

मग रेकॉर्डिंग सुरू केलं. ही काही नवी कल्पना नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी तबकड्यांवर समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित करून १९४२ सालीच एका केसचं शब्दशः टिपण छापलं होतं. आम्ही मोबाईल वापरला. संमती वेगळ्या कागदावर, लेखी, आणि "नाही म्हटलंत तरी तुमच्या सत्रात काही फरक पडणार नाही" हे तोंडी सांगूनच. ऐकून झालं की त्याच आठवड्यात पुसायचं.

स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे शिक्षा. पहिलं रेकॉर्डिंग मी पाच मिनिटांत बंद केलं आणि चहा करायला गेले. दुसऱ्या दिवशी तीन रंगांची पेनं घेऊन बसले: निळं प्रश्नाला, हिरवं समोरच्याचं म्हणणं त्याला परत ऐकवणाऱ्या वाक्याला, लाल सल्ल्याला. पन्नास मिनिटांत निळ्या खुणा एकेचाळीस, लाल अकरा, हिरव्या सहा. व्यसनमुक्तीच्या कामात वापरतात त्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या संवादाच्या पद्धतीत एका प्रश्नामागे अशी दोन हिरवी वाक्यं असणं हे चांगल्या कामाचं माप धरतात. माझं गणित नेमकं उलटं होतं.

एक जागा अजून आठवते. समोरची म्हणते, "हे कारखान्यातून आले की मी गप्पच बसते." मी लगेच, "का? मारतात का?" ती, "नाही." संपलं. पुढची दोन मिनिटं मी बोलते आहे. तिथे "ते आले की तुम्ही गप्प होता" एवढं म्हणून थांबले असते, तर तिनेच पुढचं सांगितलं असतं. थांबायचं म्हणजे किती? मोजलं, तर चार सेकंदांची शांतताही मला सोसत नव्हती. शांतता पडली की मी "होईल हो सगळं ठीक" म्हणत असे. सोलापुरात पाहुण्याला रिकामं बसू देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

दुसरं साधन कागदाचं. स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या गटाने केलेल्या दोन छोट्या पट्ट्या आहेत. सत्राच्या सुरुवातीला हे दिवस कसे गेले त्याच्या चार रेघा, शेवटी आजचं बोलणं कसं झालं त्याच्या चार. प्रत्येक रेघ दहा सेंटिमीटरची, एकूण गुण ४०. शेवटच्या पट्टीवर बेरीज ३६च्या खाली गेली की तिथेच बोलायचं. पुस्तकात हे फार सोपं वाटतं. आमच्याकडे पहिले तीन महिने सगळ्यांनी चाळीसपैकी चाळीस दिले! मॅडमच्या तोंडावर कमी मार्क कोण देणार? एक आजोबा तर रेघेच्या बाहेर खूण करून म्हणाले, "एवढं पुरं का?"

विचारायची पद्धत बदलल्यावर फरक पडला. "आवडलं का?" सोडून आम्ही "आज कुठली गोष्ट बोलायची राहून गेली?" आणि "पुढच्या वेळी मी काय करू नको?" असं विचारायला लागलो. दुसऱ्या प्रश्नाला माणसं आधी दचकतात, मग खरं बोलतात. "घड्याळाकडं बघू नका" हे मला असंच कळलं. घड्याळ आता त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर आहे.

नैराश्याची तीव्रता बघायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २७. नववा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर त्या दिवशी बाकी सगळं बाजूला, सविस्तर विचारल्याशिवाय आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दिल्याशिवाय उठायचं नाही. बाकी आकडे मात्र डोळे झाकून घ्यायचे नाहीत. झोपेच्या प्रश्नाला एकीने सगळ्यात जास्त गुण दिले. मी चिंतेच्या दिशेने निघाले होते, तेवढ्यात ती म्हणाली, "पाणी पहाटे तीनला येतं, मॅडम." मे महिन्यात तर अर्ध्या शहराचे थकव्याचे गुण वर जातात.

तरी आकडे का ठेवायचे? कारण आपला अंदाज चुकतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं, ५५० जणांपैकी कोणाची तब्येत उपचारांच्या शेवटी बिघडलेली असेल? त्यांनी तिघांची नावं दिली. बिघडले चाळीस. हे वाचल्यापासून आमचा नियम आहे: चार-पाच सत्रांत गुण हलले नाहीत, तर केस शनिवारच्या बैठकीत आणायची, आणि तरीही हललं नाही तर दुसऱ्याकडे पाठवायची. धंदा म्हणून हे जड जातं. आमचे हिशेब बघणारा माझा भाऊ शनिवारच्या दोन तासांबद्दल अजून विचारतो, "याचं बिल कुणाच्या नावावर?"

शनिवारी प्रत्येकीने आपल्या सगळ्यात फसलेल्या सत्रातली पाच मिनिटं ऐकवायची. सुरुवातीला सगळ्या आपापली चांगली सत्रं आणत, मीही. "तू असं का केलंस" हा प्रश्न तिथे बंद आहे. नॉर्मन केगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीप्रमाणे रेकॉर्डिंग थांबवून एवढंच विचारायचं, "या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" उत्तर बहुतेक वेळा "मला भीती वाटली" असंच असतं.

एक काम मात्र गेलं. एका कारखान्याने कामगारांच्या समुपदेशनासाठी दरमहाचा करार केला होता. दुसऱ्या महिन्यात त्यांनी कोण काय बोललं याचा अहवाल मागितला. आम्ही नाही म्हटलं, करार संपला. त्या वर्षी भाडं दोनदा थकलं.

सध्या अडलंय ते भाषेपाशी. आमची एक सहकारी पूर्व भागातल्या बायकांशी तेलुगूत बोलते, आणि तिथेच सत्रं सगळ्यात खोल जातात, हे पट्ट्यांवर दिसतं. पण तिची रेकॉर्डिंग मला ऐकून कळत नाहीत. ती मराठीत सांगते तेव्हा वाक्यं आपोआप नीटनेटकी होतात. आमची सत्रं तपासून मार्गदर्शन करणाऱ्या पुण्याच्या सुपरव्हायझर मॅडमनाही तेलुगू येत नाही. मी तेलुगू शिकायला बसले आहे, पण ते भाजी घेण्यापुरतं होईल. तेलुगू जाणणाऱ्या, महिन्यातून दोनदा फोनवर तासभर देऊ शकणाऱ्या अनुभवी सुपरव्हायझरच्या शोधात आम्ही आहोत. मानधन देऊ. भाऊ विचारेलच, पण देऊ.