शिनबाशीच्या कमानीखाली सोयाबीनच्या शेंगा

नोव्हेंबर २०२४. वाळूजच्या कारखान्याच्या कामासाठी टोकियोला गेलो होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिथला सहकारी म्हणाला, "ऑफिस सुटल्यावर आम्ही जिथं बसतो, तिथं चला." मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. तो म्हणाला, "पिऊ नका. नुसते बसा."

इझाकाया या शब्दातच बसणं आहे. दारूच्या दुकानात बसूनच प्यायची, ती ही जागा. युराकुचोपासून शिनबाशीपर्यंत रेल्वे विटांच्या उंच कमानींवरून जाते. १९१० च्या सुमाराचं बांधकाम. त्या कमानींच्या पोटात ओळीनं इझाकाया. दाराशी लाल कंदील, कापडी पडदा, आत कोळशावर भाजणाऱ्या कोंबडीचा धूर. वरून गाडी गेली की टेबलावरचे ग्लास थरथरायचे, पण कुणी वर बघत नव्हतं. टाय सैल केलेली माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली.

आधी हात पुसायला ओला रुमाल आला, मग न मागताच एक छोटी वाटी. तिला ओतोशी म्हणतात. तिचे पैसे बिलात लागतात, बसण्याचं भाडंच म्हणा. मी ऊलाँग चहा मागवला. त्यांनी त्या चहालाही बिअरचा ग्लास भिडवून "कानपाई" म्हटलं. मला फार बरं वाटलं.

आणि मग एदामामे आलं. हिरव्या, लवदार शेंगा, मिठात उकडलेल्या. ओठांत धरून दाबली की दोन-तीन टपोरे दाणे थेट जिभेवर. गोडसर, हुरड्यासारखे कोवळे.

हे सोयाबीन होतं. आमच्या औसा तालुक्यातलं आमचं पीक. आयुष्यभर पेरलं, काढलं, मोंढ्यावर नेलं. पण शेंग तोंडात कधी घातली नव्हती. समोरच्या बशीत तोफू, वाटीत मिसो, बाटलीत सोया सॉस. सगळं त्याच दाण्याचं.

तिथूनच अण्णांना फोन लावला. भारतात दुपार होती.

"अण्णा, इथं सोयाबीन शेंगा उकडून खातेत."

"माणसं?"

"हो. मीठ लावून."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. घरात रास पडून होती. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि आडतीवर तेवढाही मिळत नव्हता. मग म्हणाले, "तिथं शेंगाला काय भाव देतेत, ते इचारून ये."

पुढच्या महालक्ष्म्यांना गावी गेलो, तेव्हा शेंगा भरत आल्या होत्या. आपलं वाण तेलाचं, दाणा बारीक. आईनं पाटीभर तोडून आणल्या, चोळून लव काढली, मीठ घालून उकडल्या. अण्णांनी एक शेंग दाबली, चावली. काही म्हणाले नाहीत. पाटी मात्र आपल्याकडं ओढून घेतली.