यीस्टची प्रथिने आणि सेंट्रिफ्यूजची रांग

बेकरीत मिळणाऱ्या एकाच ताज्या यीस्टमधून तीन पद्धतींनी प्रथिने काढली, तर हाती तीन निरनिराळे पदार्थ येतात, हे मला एम.एस्सी.च्या प्रकल्पात उमगले. पण त्यासाठी लागलेल्या तीन आठवड्यांपैकी दोन सामाईक उपकरण कक्षातील थंड सेंट्रिफ्यूजच्या (नळ्या वेगाने फिरवून त्यातला गाळ वेगळा करणाऱ्या यंत्राच्या) रांगेत गेले, आणि त्याची चीड अजूनही ओसरलेली नाही.

50 अंश सेल्सियसवर 24 तास ठेवून केलेले स्वविघटन विनासायास पार पडले. पेशीतील विकरांनीच प्रथिनांचे तुकडे केले. मटणाच्या रश्श्यासारखा वास येणारे ते द्रावण फेस मात्र धरेना. अल्कलीनेही उतारा चांगला दिला, परंतु सामू 4.5 वर आणून खाली बसवलेला साका पुन्हा पुरता विरघळला नाही.

अडले ते तिसऱ्या पद्धतीपाशी, म्हणजे बारीक काचमण्यांसोबत घुसळून पेशी फोडण्यापाशी. ग्लुकान आणि मॅनोप्रोटीनची चिवट पेशीभित्तिका फोडण्यासाठी एक मिनिट घुसळणे, एक मिनिट बर्फात ठेवणे, असे मी दहा वेळा केले. सेंट्रिफ्यूजची वेळ सकाळी 11 ची होती. अर्जावर दोन सह्याही होत्या. तिथे गेल्यावर कळले की आधीच्या गटाचे काम संपलेले नाही, आणि तिसरी सही हवी. ती मिळेपर्यंत तीन वाजले. ट्रेमधल्या बर्फाचे पाणी झाले होते, नळ्या हाताला कोमट लागत होत्या. भित्तिका फुटली की रिक्तिकेतील प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारी विकरे, मोकळी होतात आणि थंडावा गेला की झपाट्याने काम करतात. दुसऱ्या दिवशी प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ठळक पट्ट्यांऐवजी वरपासून खालपर्यंत निळा फराटा उमटला. पद्धत सौम्य होती, माल स्वविघटनाचा झाला! शिवाय नवा अर्ज करावा लागला.

म्हणून सेंट्रिफ्यूज रिकामे आणि 4 अंशांवर आलेले स्वतः पाहिल्याशिवाय पेशी फोडू नयेत. दुसऱ्या खेपेस मी तसेच केले, तेव्हा पट्ट्या स्वच्छ आल्या आणि फेसही टिकला. तो पाहून झालेला आनंद मी विसरणार नाही. प्रोटिएज रोखणारे पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होते, त्यामुळे ते फोडण्याच्या अगदी आधी मिसळावे. अल्कलीबद्दल एक सांगायचे राहिले: तिला उष्णतेची जोड देऊ नये, कारण त्यातून लायसिनोअलॅनिन तयार होऊन लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल वाया जाते. आणि यीस्टमध्ये नायट्रोजनयुक्त आरएनए भरपूर असल्याने केल्डाल पद्धतीने मोजलेला एकूण नायट्रोजन प्रथिने काढण्यासाठी सरसकट 6.25 ने गुणल्यास प्रथिनांचा आकडा फुगतो. तुलनेआधी आरएनए वेगळे मोजून घ्यावे.