आमची वाटचाल : एक खोली वाढवताना

नवी मुंबईतल्या लहान घरांना वाढण्याची गरज पहिल्यापासूनच होती. १९७० साली सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, स्थापना झाली. पुढे एकेका नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, बैठी घरं आणि रो-हाऊस, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली घरं, उभी राहिली. कांदा-बटाटा, भाजी, धान्य, मसाल्याचे बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आले आणि माथाडी कुटुंबं कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत स्थिरावली. एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे थोडं अंगण, असा तेव्हाचा संसार. मुलांची लग्नं झाली, गावचे आईवडील उपचारांसाठी इथे येऊन राहिले, की त्याच घराला वर एक मजला किंवा मागे एक खोली लागते. आमची फर्म या गरजेवर उभी राहिली.

वडील मिस्त्री होते. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, धाकटा भाऊ वडिलांच्या हाताखाली साइटवरच तयार झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या दिवसांत आमच्याकडे गळतीच्या कामांची रीघ लागली. गच्चीचा जुना कोबा काढायचा, विटांच्या तुकड्यांचा नवा ब्रिकबॅट कोबा घालायचा, पाणी साठवून तपासायचं. गच्चीवर उभं राहून गळतीबद्दल बोलता बोलता घरमालक हमखास विचारायचे, "दादा, इथेच वर एक खोली काढून द्याल का?" त्या प्रश्नातून आमचा आजचा व्यवसाय घडला.

त्या प्रश्नाला 'हो' म्हणण्याआधी खालचं घर समजून घ्यावं लागतं. बऱ्याच जुन्या घरांत कॉलम नसतातच, नऊ इंची विटांच्या भिंतीच सगळा भार पेलतात. दहा बाय पंधराच्या खोलीचा पाच इंची स्लॅब एकटाच चार टनांहून जड भरतो. त्यावर भिंती, फरशी, माणसं आणि पाण्याची टाकी, आणि हजार लिटर पाणी म्हणजे आणखी एक टन. खाडीकाठच्या भरावावरच्या सेक्टरमध्ये पायाखाली मऊ चिकणमाती निघते ती वेगळीच. म्हणून पायाजवळ खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते बघतो. जिथे आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट आहे, तिथे त्याची ताकद बघायला हॅमर टेस्ट करतो, शंका आली तर ध्वनिलहरींची अल्ट्रासॉनिक किंवा काँक्रीटचा नमुना कापून कोअर टेस्ट. मग आरसीसी कन्सल्टंट ठरवतात, की जुन्या भिंतींवर जायचं की नवे कॉलम जमिनीपासून उचलायचे. आमच्या बहुतेक कामांत नवे कॉलमच येतात. म्हणजे वरच्या खोलीसाठी खालच्या हॉलच्या कोपऱ्यात फरशी फुटणार आणि तिथे खड्डा पडणार. हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो, कारण वरच्या कामाची धूळ खाली येणार नाही असं पुष्कळ जणांनी गृहीत धरलेलं असतं.

भिंतींचं वजन कमी ठेवायला आम्ही एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे, वापरतो. विटांच्या तुलनेत तो साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो. आजही काही काका हट्टाने वीटच मागतात. त्यांना आकडेमोड कागदावर दाखवली की बहुतेक जण मानतात.

कागदपत्रांबाबत आमची भूमिका ठाम आहे. जागा सिडकोकडून भाडेपट्ट्यावर असेल तर ना-हरकत लागते. महापालिका हद्दीत आर्किटेक्टमार्फत नकाशा दाखल करून बांधकामाची परवानगी घ्यावी लागते. भूखंडावर किती एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम, शिल्लक आहे, मागे-पुढे किती जागा सोडायची, हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवरून, म्हणजे यूडीसीपीआरवरून ठरतं. परवानगीविना केलेल्या बांधकामाला एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. "शेजाऱ्यानं तसंच बांधलंय, काही झालं नाही," हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकलंय आणि त्यापायी बरीच कामं सोडलीत. घराला आयुष्यभराची कमाई लागते. त्यावर कायम टांगती तलवार ठेवून आम्हाला काम करायचं नाही. एफएसआय शिल्लकच नसेल तर तेही स्पष्ट सांगतो आणि आहे त्या जागेची मांडणी बदलून काय साधतं ते बघतो.

या टप्प्यात घरमालकाला काहीच घडताना दिसत नाही. फी जाते, फेऱ्या होतात, वीट एकही लागत नाही. पण पुढचं सगळं काम याच दिवसांवर उभं असतं. त्यामुळे दिवाळीनंतर बांधायचं असेल तर पावसाळ्यातच कागदाला लागा, असं आम्ही सांगतो.

रो-हाऊस असेल तर शेजाऱ्याशी बोलणं हा कामाचाच भाग. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज आखताना शेजारच्या घराशी भिंत सामायिक ठेवली नाही. लोकांनी आपापलं घर पुढे वाढवावं हा त्यामागचा विचार होता. साध्या रो-हाऊसमध्ये ती सोय नाही. तुमच्याकडे ब्रेकर चालला की पलीकडच्या वहिनींच्या स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात. म्हणून तोडफोडीआधी घरमालकांना सोबत घेऊन दोन्ही बाजूंच्या घरांत जातो, भिंतींवरच्या आधीच्या भेगांचे फोटो दोघांसमोर काढतो आणि तारखा सांगतो. कोणाकडे दहावी-बारावीचं मूल आहे का, कोणाला दमा आहे का, हेही विचारतो. मार्चमध्ये परीक्षा असेल तर तोडफोड त्याआधी संपवायची किंवा नंतर धरायची.

तोडफोडीचे दिवस घरच्यांना सर्वात जड जातात. शक्य असेल तर तेवढे दिवस भाड्याने किंवा नातेवाइकांकडे राहा, निदान आजी-आजोबांना आणि लहान बाळाला तरी हलवा. राहायचंच असेल तर एक खोली प्लास्टिकने पूर्ण बंद करून देतो, शेगडी आणि सिलिंडर तिथे हलवतो, पाण्याची तात्पुरती लाइन काढतो. तरीही धूळ येते. कपाटातल्या साड्यांच्या घडीतसुद्धा सापडते. निघालेलं डेब्रिज गोण्यांत भरून आम्ही नेमून दिलेल्या जागीच पाठवतो. त्याचा वाहतूक खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहिलेला असतो. कोणी स्वस्तात उचलतो म्हणाला तर तो कुठे टाकणार हे विचारा, कारण खाडीकाठच्या कांदळवनात राडारोडा टाकायला बंदी आहे.

मग सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा लागतो, फिटर सळई बांधतात. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी कन्सल्टंट येऊन सळई तपासतात. घरमालकांनाही आम्ही शिडी चढून वर यायला सांगतो आणि सळईखाली ठेवलेले छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, दाखवतो. सळईखाली काँक्रीटची पुरेशी जाडी राहिली नाही तर इथल्या खारट, दमट हवेत सळई लवकर गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट पोपडा धरून पडतं. गळतीच्या कामांत अशा उघड्या पडलेल्या सळया आम्ही इतक्या पाहिल्या, की कव्हर ब्लॉक नसतील तर भाऊ मिक्सर सुरूच करू देत नाही.

स्लॅबचा दिवस उत्साहाचा. काकू नारळ फोडतात, कामगारांना जेवण असतं. दुसऱ्या दिवसापासून साइट शांत होते आणि फोन सुरू होतात, "माणसं कुठे गेली? काम बंद का?" काम बंद नसतं. काँक्रीट ताकद धरत असतं. सातव्या दिवशी त्यात अंतिम ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, पूर्ण ताकद २८ दिवसांनी मोजतात. त्यासाठी स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, काढून ठेवतो आणि लॅबला पाठवतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायचं, कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. आम्ही स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतो. स्लॅबखालचे टेकूही ठरावीक दिवस ठेवावे लागतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, सहा मीटरवरच्या बीमला २१, हे साध्या सिमेंटचे आकडे. पीपीसी असेल तर आम्ही आणखी थांबतो. खालच्या खोलीत बल्ल्यांचं जंगल असतं, वावरायला त्रास होतो, हे आम्हाला कळतं. तरी घाई करून टेकू काढून द्या म्हणणाऱ्याला आम्ही आजवर नाहीच म्हटलंय.

त्यानंतर भिंती झपाट्याने उभ्या राहतात आणि आता महिन्याभरात राहायला जाऊ असं वाटू लागतं. प्रत्यक्षात वायरिंग, प्लंबिंग, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी आणि रंग यांतच जास्त वेळ जातो, कारण प्रत्येक कारागीर आधीच्याचं काम वाळण्याची वाट बघतो. स्विच कुठे, गिझर कुठे, बेसिन कोणतं, हे प्लास्टरआधी ठरवा. एसी वाढणार असेल तर महावितरणकडे वीजभार वाढवायचा अर्ज तेव्हाच करून टाका. होळीला मजूर गावी जातात, ते दिवस वेळापत्रकात आधीच धरा. जूनच्या आत स्लॅब आणि बाहेरचं प्लास्टर झालं पाहिजे. "गणपती नव्या खोलीत बसवायचाय," असं प्रत्येक घर म्हणतं आणि ते आम्हालाही मनापासून हवं असतं. पण जानेवारी उलटल्यावर काम सुरू केलं तर त्या तारखेचा शब्द आम्ही देत नाही.

पैशांचं म्हणाल तर हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले असतात : पाया, स्लॅब, प्लास्टर, फरशी. मागाल ते वाढीव काम आधी दरासह लिहून, सही घेऊन मगच करतो. अंदाजपत्रकाबाहेर दहा-पंधरा टक्के रक्कम हाताशी ठेवा, जुनं घर उघडल्यावर काय निघेल हे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. शेवटचा हप्ता गच्चीवर पाणी साठवून तपासल्यावर आणि बारीकसारीक दुरुस्त्या संपल्यावरच घेतो. त्यासोबत एक फाइल देतो : मंजूर नकाशा, क्यूबचे अहवाल, भिंतीतल्या पाइप-वायरींचे प्लास्टरआधीचे फोटो, भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाची प्रत. मालमत्ता कराची नोंद बदलून घ्यायलाही मदत करतो.

आम्ही एका वेळी मोजकीच कामं घेतो, कारण प्रत्येक स्लॅबला भाऊ किंवा मी, दोघांपैकी एक जण हजर असतोच. पहिल्या भेटीला येताना जुना मंजूर नकाशा, सिडकोचा करार आणि मालमत्ता कराची शेवटची पावती आणा. नकाशा सापडत नसेल तरी या, त्याची प्रत मिळवायला अर्ज कसा करायचा ते आम्ही सांगू.