किरेनेचा रोमन बालेकिल्ला: आधी शेगडी, मग कमांडर

असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स या व्हिडिओ गेममध्ये आपला नायक बायेक शत्रू फ्लेवियसचा माग काढत किरेनेइकामध्ये, म्हणजे किरेने शहराच्या मुलखात, येतो, तोवर रोमन तळ घ्यायची सवय झालेली असते. तरीही किरेनेच्या टेकडीवरच्या रोमन अक्रोपोलिसवर (बालेकिल्ल्यावर) बरेच जण पहिल्या खेपेला मार खातात. घोडा घेऊन ते मुख्य रस्त्याने वर जातात, तिथेच चूक होते. दरवाजाकडची बाजू सगळ्यात जागती असते आणि चढणीवर आडोसा नसतो.

त्याऐवजी घोडा खालीच सोडा. बायेकच्या गरुडाला, सेनूला, वर सोडून आधी तीन गोष्टी हेरा: कमांडर, कॅप्टन आणि इशाऱ्याच्या शेगड्या. एकदा खूण झालेला शिपाई भिंतीआडूनही दिसत राहतो, म्हणून हे काम घाईने उरकू नका. तटाच्या आतले पहारेकरी सुटले, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मग मागच्या बाजूने खडकावरून चढा. बायेकला कडा अडवत नाही. रात्रीची वेळ निवडा, कारण तेव्हा बरेच शिपाई झोपलेले असतात. डॉन अँड डस्क हे वेळ पुढे सरकवणारं कौशल्य घेतलं असेल तर रात्रीची वाट बघावी लागत नाही.

आत उतरल्यावर पहिलं काम शेगडीचं. प्रेत दिसलं किंवा तुम्ही दिसलात, की एक जण पळत जाऊन ती पेटवतो आणि बाहेरून कुमक येते. शेगडीजवळ बटण दाबून धरलं की तिच्यात सापळा लागतो. नंतर पेटवायला आलेला शिपाई स्फोटात उडतो, शिवाय कुमकही येत नाही. शेगड्या एकापेक्षा जास्त असतील तर एकही सोडू नका. माझ्या मते कमांडरच्या आधी हे काम व्हायलाच हवं.

कमांडरवर झडप घातली आणि तो मेला नाही, तर दोष बहुतेक वेळा लपवलेल्या पात्याचा (हिडन ब्लेडचा) असतो. त्याची धार तुमच्या लेव्हलबरोबर आपोआप वाढत नाही, ती क्राफ्टिंगमध्ये वाढवावी लागते आणि वरच्या पायऱ्यांना कार्बन क्रिस्टल लागतात. ते नसतील तर लांबून नेम धरायचं प्रिडेटर धनुष्य वापरा. सुधारित कौशल्य घेतल्यावर सोडलेला बाण हवेतच वळवता येतो, त्यामुळे भिंतीआडच्या माणसाचं डोकंही टिपता येतं. प्रेतं मात्र उघड्यावर ठेवू नका. उचलून गवताच्या गंजीत टाका.

शत्रूच्या डोक्यावर लाल कवटी दिसली, म्हणजे त्याची लेव्हल तुमच्यापेक्षा खूप वर असली, तर मागे फिरा, आधी आसपासच्या कामांतून लेव्हल वाढवा.

जागेविषयी थोडं. किरेने हे मूळ ग्रीक शहर, परंपरेनुसार इ.स.पू. ६३१ मध्ये थेरा या ग्रीक बेटाच्या लोकांनी वसवलेलं. इ.स.पू. ९६ मध्ये तिथला राजा टॉलेमी एपियन याने मृत्युपत्राने हा मुलूख रोमला दिला आणि इ.स.पू. ७४ मध्ये त्याचा प्रांत झाला. म्हणून गेममध्ये ग्रीक नावाच्या टेकडीवर रोमन ढाली दिसतात, हे अगदी योग्य आहे. खरी टेकडी आज लिबियात शाहातजवळ आहे. तिच्या पायथ्याशी झरा आणि अपोलोचं मंदिरस्थान आहे. झऱ्याच्या पाण्यामुळेच इथे वस्ती झाली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या डिस्कव्हरी टूर या गेमच्या फेरफटका-मोडमध्ये लढाया नाहीत. हल्ल्याआधी तिथे एकदा या टेकडीभोवती फिरून या, चढायची बाजू कोणती ते निवांत ठरवता येतं.