गेम सर्व्हर: कुठला घ्यायचा आणि कुठे ठेवायचा

मल्टिप्लेअर गेमसाठी सर्व्हर घ्यायचा म्हटलं की कोटेशनमध्ये सगळ्यात वर कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांची) संख्या लिहिलेली असते. ६४ कोअर, १२८ थ्रेड, आणि घेणारा खूश. हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं ते एका कोअरला एक टिक उरकायला किती वेळ लागतो, आणि वाईटात वाईट टिकला किती लागतो.

टिक म्हणजे सर्व्हरने एकदा सगळ्या खेळाडूंचं इनपुट घेणं, जग पुढे सरकवणं आणि नवी स्थिती सगळ्यांना धाडणं. माइनक्राफ्ट सेकंदाला २० टिक करतं, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. ६४ टिकच्या शूटरला (नेमबाजीच्या गेमला) १५.६. व्हॅलोरंट १२८ टिकवर चालतं, तिथे हातात फक्त ७.८ मिलिसेकंद असतात. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीच्या इंजिनिअरांनी २०२० मध्ये आपला हिशोब उघड लिहिला होता: एका कोअरवर तीन मॅच बसवायच्या, दहा टक्के ओएस आणि बाकीच्या भानगडींसाठी सोडायचे, म्हणजे एका मॅचच्या एका फ्रेमला, म्हणजेच टिकला, उरतात २.३४ मिलिसेकंद. सुरुवातीला त्यांची फ्रेम ५० मिलिसेकंद घेत होती. ती खाली आणायला कोड बदलावा लागला. नुसतं हार्डवेअर बदलून एवढी मजल गाठता येत नाही.

बहुतेक गेममध्ये एका मॅचचं मुख्य काम एकाच थ्रेडवर (एकामागोमाग चालणाऱ्या कामांच्या एका साखळीवर) चालतं, आणि दहा आचारी लावले म्हणून एक पोळी लवकर भाजून निघत नाही. ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये एक सौरमंडळ एका नोडवर (सर्व्हरवर) चालतं आणि त्याचं मुख्य गणित एका कोअरवर. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी या सौरमंडळात हजारो खेळाडू भिडले, तेव्हा गेममधला काळच नेहमीच्या दहा टक्के वेगाने सरकू लागला. कंपनीकडे सर्व्हर कमी नव्हते, पण त्या एका सौरमंडळाला ते वाटून देता येत नव्हते.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात येणाऱ्या इंटेलच्या जुन्या झिऑन सर्व्हरपासून सावध. ई५-२६८० व्ही४ ची जोडी, २८ कोअर, ढीगभर ईसीसी (चूक पकडून दुरुस्त करणारी) रॅम, आणि किंमत बघून कुणालाही मोह होईल. पण हा २०१६ चा चिप आहे, २.४ गिगाहर्ट्झ बेस आणि ३.३ टर्बो. आजच्या ५ गिगाहर्ट्झच्या पुढच्या कोअरसमोर एकेका थ्रेडवर तो निम्म्यावरही टिकत नाही. लॉबी, चॅट, लीडरबोर्ड, बिल्ड मशीन यांसाठी खुशाल घ्या, तिथे तो पैसे वसूल करतो. मॅच मात्र त्याच्यावर चढवू नका.

आता खरेदीचा हिशोब. धरा, पाच विरुद्ध पाचचा गेम आहे, ६४ टिक, आणि गर्दीच्या वेळी १०,००० खेळाडू. म्हणजे १,००० मॅच. बॉट (आपोआप खेळणारे नकली खेळाडू) खेळवून मोजल्यावर एका टिकला सरासरी २.५ मिलिसेकंद लागले. १५.६ पैकी ७० टक्केच वापरायचे, म्हणजे सुमारे ११. एका कोअरवर चार मॅच. १६ कोअरच्या मशिनमध्ये दोन कोअर नेटवर्क आणि ओएसला ठेवले तर १४ गुणिले ४, म्हणजे ५६ मॅच. हजार मॅचना १८ मशिन, वर दोन राखीव. एकूण २०. मोठा चकचकीत सर्व्हर एकच घेतला आणि तो पडला तर हजारही मॅच जातात. यातलं एक मशिन पडलं तर ५६ जातात.

मोजणीतली गोम अशी की रिकाम्या मशिनवर एक मॅच चालवून मिळालेला आकडा फसवा असतो. बूस्ट क्लॉक एक-दोन कोअरसाठी असतो, सगळे कोअर पेटले की तो उतरतो, आणि सगळ्या मॅच सामाईक एल३ कॅशेवर (चिपमधल्या छोट्या, झटपट मेमरीवर) तुटून पडतात. त्यामुळे मशिन पूर्ण भरूनच मोजा. प्रत्येक मॅचमध्ये दहाही बॉट एका खोलीत, सगळ्यांचे स्मोक आणि ग्रेनेड एकदम. सरासरी बघून थांबू नका. ६४ टिकला '९९ टक्के टिक ठीक' म्हणजे साधारण दीड सेकंदाला एक खराब टिक, आणि ती खेळाडूला जाणवते. ९९.९ चा आकडा बघा. तिथे पंधरा-सोळा सेकंदांत एक टिक चुकते, ती बहुतेक वेळा खपून जाते. आणखी एक: एका कोअरवरच्या चारही मॅचचे टिक एकाच क्षणी सुरू होत असतील तर त्या रांगेत उभ्या राहतात आणि चौथी कायम उशिरा सुटते. सुरू करताना प्रत्येकीला चार-चार मिलिसेकंदांचा फरक द्या, फुकटात सुधारणा होते.

या कामाला सध्या एएम५ सॉकेटचा एएमडी सर्वांत सरळ पर्याय. एपिक ४००४ मालिका मे २०२४ मध्ये आली, तिच्यात त्याच सॉकेटवर सर्व्हरसाठीची मान्यता मिळते. ४५६४पी मध्ये १६ कोअर आणि ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, पण टीडीपी, म्हणजे थंड करायची उष्णता, १७० वॉट. १यू चेसिसमध्ये, म्हणजे रॅकच्या एका कप्प्याच्या चपट्या पेटीत, १७० वॉट थंड ठेवणं म्हणजे पंख्यांच्या किंकाळ्या. १२ कोअरचा ४४६४पी ६५ वॉटमध्ये बसतो. रॅकला वीज मोजून मिळत असेल तर तो जास्त शहाणपणाचा. गेमचा डेटा मेमरीत विखुरलेला असेल, म्हणजे हजारो एंटिटी आणि पॉइंटरचा पसारा, तर ३डी व्ही-कॅशेवाला (वर जादा कॅशे बसवलेला) चिप चांगलाच फरक पाडतो. पण १६ कोअरच्या ४५८४पीएक्स किंवा ७९५०एक्स३डी मध्ये तो जादा कॅशे दोनपैकी एकाच सीसीडीवर (आठ कोअरच्या तुकड्यावर) आहे. मॅचच्या प्रोसेस ठरलेल्या कोअरला बांधून ठेवल्या नाहीत तर सारख्याच दोन मॅचचे आकडे वेगळे येतात आणि दोष कोडमध्ये शोधला जातो. आमच्या मते अशा वेळी दोन्ही सीसीडींना वेगळा कोटा द्यावा: कॅशेवाल्या आठ कोअरवर कोअरमागे पाच मॅच, दुसऱ्या आठवर चार. हे पाच आणि चारसुद्धा मोजूनच ठरवायचे.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप चिप वापरलेले मिळतात. त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या बिघाडावर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला चिप मायक्रोकोडने बरा होत नाही, त्यामुळे वापरलेला घेऊच नका.

रॅमचं थोडक्यात. मॅचमागे १.२ जीबी धरली तर ५६ मॅचना ६७ जीबी, म्हणून ४८ जीबीच्या दोन काड्या, ९६ जीबी. चार काड्या लावायचा मोह टाळा. एपिक ४००४ वर चार काड्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो, दोन असतील तर ५२०० मिळतो. काड्या ईसीसी यूडीआयएमएम (साध्या बोर्डावर बसणाऱ्या प्रकारच्या) हव्यात. 'डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच' असं दुकानदार सांगतो, ते चिपच्या आतलं असतं. सीपीयूपर्यंतच्या वाटेवर बिट उलटला तर त्याची खबर त्यातून मिळत नाही. आरडीआयएमएम (मोठ्या सर्व्हरच्या काड्यांचा प्रकार) या बोर्डावर चालतच नाही, ऑर्डर देताना हे दोनदा तपासा.

बोर्डाला बीएमसी, म्हणजे मशिन अडकलं तरी दुरून स्क्रीन दाखवणारा आणि रीस्टार्ट करू देणारा चिप, पाहिजेच. एएसरॉक रॅकचा बी६५०डी४यू किंवा तत्सम. गेमिंग बोर्ड स्वस्त पडतो, पण मशिन मुंबईला आणि तुम्ही नाशकात गंगापूर रोडला असाल तर अडकलेलं बूट बघायला कसारा घाट उतरावा लागतो.

डिस्कवर मॅच सर्व्हर जवळजवळ काही लिहीत नाही, त्याला कुठलाही साधा एनव्हीएमई एसएसडी चालतो. मात्र लॉग गेमच्याच थ्रेडवरून थेट लिहिले जात असतील तर डिस्क क्षणभर अडकली की टिक चुकते. लॉगला वेगळा थ्रेड द्या. डेटाबेसच्या मशिनची गोष्ट वेगळी. तिथे इन्व्हेंटरी आणि खरेदी असते, प्रत्येक व्यवहाराला डिस्कवर पक्कं लिहून घ्यावं लागतं. वीज गेल्यावर डेटा राखणारे कपॅसिटर ज्यात आहेत तेच ड्राइव्ह घ्या, सॅमसंग पीएम९ए३ किंवा मायक्रॉन ७४५०, दोन, मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत). साध्या ड्राइव्हवर हेच पक्कं लिहिणं कितीतरी पट हळू होतं, आणि कारण सापडायला आठवडे जातात.

नेटवर्कमध्ये लोक गिगाबिट मोजतात, मोजायची असतात पॅकेट. एका मशिनवर ५६० खेळाडू, प्रत्येकाला सेकंदाला ६४ पॅकेट, म्हणजे जाणारी ३५,८४० आणि तेवढीच येणारी. पॅकेट २५० बाइटचं धरलं तर बाहेर जाणारा वेग ७२ मेगाबिटच्या आसपास. १ गिगाबिट पुरून उरतो. तरीही इंटेल एक्स७१० किंवा तत्सम १० गिगाबिटचं कार्ड घ्या, कारण त्यात अनेक रांगा असतात आणि इंटरप्ट ('पॅकेट आलं' अशा कार्डाच्या हाका) हव्या त्या कोअरवर बांधता येतात. इथे हमखास चूक होते: काही कार्डांवर यूडीपीचं (गेम ज्या पद्धतीने पॅकेट धाडतात त्या प्रकारच्या पॅकेटचं) रांगांमधलं वाटप फक्त आयपी पत्त्यावरून होतं, पोर्ट धरला जात नाही. मोबाइल कंपनीच्या एका पत्त्यामागे शेकडो खेळाडू असतात, ते सगळे एका रांगेत येतात, एक कोअर १०० टक्क्यांवर जातो आणि बाकीचे आराम करतात. वाटपात पोर्टही धरायला सांगा आणि इंटरप्ट त्या राखीव दोन कोअरवर ठेवा. पॅकेटचा मजकूर १,२०० बाइटच्या आत ठेवा, नाहीतर वाटेत तुकडे होऊन हरवतात. जिओचे ग्राहक मुख्यतः आयपीव्ही६ वर (इंटरनेटच्या नव्या पत्त्यांवर) आहेत, तेव्हा सर्व्हरलाही आयपीव्ही६ द्या.

सगळ्या १०,००० खेळाडूंचा मिळून बाहेर जाणारा वेग १.२८ गिगाबिट. दिवसभराची सरासरी याच्या ४० टक्के धरली तरी महिन्याला १६५ टीबीच्या वर जातं. क्लाउडमध्ये बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे जीबीमागे लागतात, आणि भाड्यापेक्षा हेच बिल जास्त येऊ शकतं. रोजची ठरलेली गर्दी स्वतःच्या मशिनवर आणि सुट्टीतली उसळी क्लाउडवर, अशी वाटणी आम्हाला सगळ्यात पटते.

मशिन ठेवायचं मुंबईत. प्रकाश फायबरमध्ये मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई रस्त्याने १७० किलोमीटर, केबल वळसे घेऊन २५० धरा, तर जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. सर्व्हर नाशकात ठेवून नाशिककराला मिळणारा फायदा एवढाच, आणि तोही अनेकदा मिळत नाही, कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कनेक्शनमधली गाठ मुंबईतच पडते. नाशकातल्या कॉलेज रोडवरच्या सर्व्हरला नाशकातल्याच सिडकोतला खेळाडू मुंबईमार्गे जोडला जातो. शिवाय डीडॉस, म्हणजे असंख्य मशिनवरून एकदम कचरा पॅकेट धाडून सर्व्हर बुडवणं. गेम जरा चालायला लागला की हल्ला येतोच, आणि ऑफिसची लाइन काही गिगाबिटमध्येच बसते. तो कचरा लाइनीवर येण्याआधी वरच्या वर गाळला गेला पाहिजे, आणि अशी सोय मोठ्या डेटा सेंटरमध्ये किंवा तिथल्या नेटवर्क कंपनीकडे असते. करार करताना यूडीपी गाळता येतं का, हे लेखी घ्या. वेबसाइटसाठीचं संरक्षण इथे कामाचं नाही. २० मशिन, प्रत्येकी २२० वॉट, म्हणजे ४.४ किलोवॉट. एका रॅकला किती केव्हीए मिळणार ते आधी विचारा, आणि शक्यतो दोन रॅकमध्ये अर्धी-अर्धी वाटा.

नाशकात ठेवण्याजोगं म्हणजे टेस्टचं एक मशिन आणि लॅन स्पर्धांचा सर्व्हर. त्यालाही ऑनलाइन प्रकारचाच (वीज जाताना क्षणभरही न तुटणारा) यूपीएस घ्या. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जो वेळ घेतो, तो पीएसयूच्या (मशिनमधल्या पॉवर सप्लायच्या) सुमारे १६ मिलिसेकंदांच्या साठवणीपेक्षा जास्त असू शकतो, आणि मशिन रीस्टार्ट होतं. अर्थिंगकडे मात्र खास बघा. इथे थोड्या मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, खड्डा उथळ राहतो आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडला की रोध वाढतो. मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोनच्या आत हवा. एप्रिल-मेमध्ये तो चढला तर खड्ड्यात पाणी घालून पुन्हा मोजा. तरीही उतरला नाही तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, सर्व्हर नंतर लावा. खोलीत एसी नसेल तर बायोसमध्ये इको मोड लावून १७० वॉटचा चिप १०५ वर आणा. कामगिरी थोडीच घटते, दुपारी चाळीस अंशांत चिप ९५ ला टेकून क्लॉक खाली-वर करत बसत नाही.

मशिन आल्यावर बायोसमध्ये खोल सी-स्टेट (कोअरची गाढ झोप) बंद करा आणि लिनक्समध्ये कोअरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा. दोन टिकच्या मधल्या रिकाम्या वेळात कोअर झोपी जातो आणि जागा व्हायला वेळ घेतो, गर्दी कमी असताना लॅग वाढतो त्याचं कारण बरेचदा हेच. मग एक रात्र मेमरी टेस्ट, त्यानंतर ४८ तास सगळ्या कोअरवर बॉटच्या मॅच. संपल्यावर कर्नलच्या लॉगमध्ये ईसीसीने दुरुस्त केलेल्या चुका मोजा. एकही दिसली तर काडी काढून परत बसवा, पुन्हा दिसली तर विक्रेत्याकडे बदलून घ्या. बदलून देण्याची मुदत बिलावर आधीच लिहून घेतलेली असू द्या, आणि २० मशिनमागे दोन पीएसयू, दोन काड्या, एक ड्राइव्ह आणि चार पंखे त्याच ऑर्डरमध्ये जादा मागवा. वर्षभराने तोच पंखा बाजारात मिळेलच असं नाही.