लिमिटेड नेमकं काय: डिस्क की पुठ्ठा?

जुन्या ब्रिटिश चित्रपटाच्या ब्लू-रे डिस्कची लिमिटेड एडिशन (मोजक्या प्रतींची खास आवृत्ती) जाहीर झाली की कुठेतरी ठळक अक्षरात तीन हजार, पाच हजार, सहा हजार असा आकडा असतो. हा आकडा कशाचा, ते आधी बघा. बहुतेक वेळा तो डिस्कचा नसतोच. वर्षा-दीड वर्षाने तीच डिस्क साध्या निळ्या केसमध्ये कमी किमतीला येते. संपते ती कागदाची बाजू: जाड पुठ्ठ्याचा स्लिपकेस, बुकलेट, पोस्टर, आर्ट कार्ड. घेताना, तपासताना आणि सांभाळताना म्हणूनच डिस्कपेक्षा कागदाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

इंडिकेटर या डिस्क काढणाऱ्या ब्रिटिश लेबलच्या बऱ्याच लिमिटेड ब्लू-रेंवर कॅटलॉग क्रमांकाआधी ‘पीएचआयएलटीडी’ ही अक्षरं असतात आणि साध्या आवृत्तीचा बारकोड वेगळा असतो. विक्रेत्याने फोटो फक्त दर्शनी बाजूचा टाकला असेल, तर मागच्या बाजूचा मागवून हे दोन क्रमांक जुळवून घ्या. बीएफआयचं, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं, गणित निराळं आहे. तिथे बऱ्याचदा बॉक्स नसतोच, सचित्र पुस्तिका मात्र ‘फक्त पहिल्या छपाईत’ मिळते. पहिल्या आणि दुसऱ्या छपाईची केस बाहेरून सारखीच दिसते. त्यामुळे जुना माल घेताना “फर्स्ट प्रेसिंग आहे का?” असं विचारू नका, “आत पुस्तिका आहे का, उघड्या केसचा फोटो पाठवा” असं सांगा. २००९ पासून निघत असलेल्या बीएफआयच्या फ्लिपसाइड मालिकेला केसच्या कण्यावर, म्हणजे कपाटात दिसणाऱ्या उभ्या पट्टीवर, क्रमांक असतात. ती लावून ठेवणाऱ्यांना एखाद्या क्रमांकाची केस पुस्तिकेविना मिळाली की काय वाटतं, ते सांगायला नको.

याला अपवाद दोन. पर्यायी कट (त्याच चित्रपटाची वेगळी संपादित आवृत्ती) असलेली जादा डिस्क कधी कधी फक्त लिमिटेड आवृत्तीतच असते. साध्या आवृत्तीची वाट बघायची की नाही, ते डिस्कची संख्या मोजून ठरवा. दुसरा अपवाद हक्कांचा. हक्काची मुदत सरली किंवा कंपनीच मिटली, तर साधी आवृत्तीही बाजारातून जाते. ब्रिटिश चित्रपट आणि टीव्ही मालिकांचा प्रचंड साठा काढणारी नेटवर्क ही कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. तिच्या काही डिस्क पुन्हा कोणी काढलेल्या नाहीत. अशा नावांसाठी बॉक्सची चैन सोडा आणि चालणारी डिस्क मिळेल ती घ्या.

आता चित्रपटाकडे. कुठला कट आणि कुठलं रिस्टोरेशन (जुन्या फिल्मची दुरुस्ती), हा प्रश्न बॉक्सच्या आधीचा आहे. ‘द थर्ड मॅन’ची ब्रिटिश आवृत्ती साधारण १०४ मिनिटांची. सुरुवातीचं निवेदन दिग्दर्शक कॅरल रीड यांच्या आवाजात. अमेरिकी आवृत्ती सुमारे ११ मिनिटं कमी आणि निवेदन जोसेफ कॉटन यांचं. ‘द विकर मॅन’चे तीन कट फिरतात. भयपट काढणाऱ्या हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’त जपानमधल्या प्रिंटवरून परत मिळालेले तुकडे २०१३ च्या ब्रिटिश ब्लू-रेवर आहेत, पण त्या डिस्कचा निळसर रंग अनेकांना खटकला. २०१८ च्या अमेरिकी डिस्कवर ते तुकडे नाहीत. दोन्ही बाळगणारे लोक आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

‘४के रिस्टोरेशन’ आणि ‘४के यूएचडी डिस्क’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला शब्द साध्या ब्लू-रेवरही असतो. स्कॅन ४केमध्ये झालेलं असतं, डिस्कवर चित्र येतं १०८०पी, म्हणजे ४केपेक्षा कमी बारकाव्याचं. स्कॅन मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून झालं आहे का, ते वाचा. थ्री-स्ट्रिप टेक्निकलरच्या चित्रपटांत हे जास्त महत्त्वाचं. त्यात एकाच दृश्याच्या तीन वेगळ्या कृष्णधवल निगेटिव्ह असतात आणि वर्षांनुवर्षांत त्या कमी-जास्त आकसतात. जुन्या ट्रान्सफरमध्ये चेहऱ्याच्या कडेला लाल किंवा हिरवी किनार दिसते ती त्यामुळे. ‘द रेड शूज’च्या २००९ मध्ये पुऱ्या झालेल्या रिस्टोरेशनमध्ये हे तीन थर डिजिटल पद्धतीने एकावर एक बसवले. कुठलीही नवी डिस्क तपासताना उजळ पार्श्वभूमीवरच्या काळ्या कडा बघा. खोट असेल तर ती तिथेच दिसते.

भारतात घेणाऱ्यांचा खरा अडथळा रिजनचा, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणाऱ्या कोडचा. ब्लू-रेमध्ये ब्रिटन रिजन बी, भारत रिजन सी, अमेरिका रिजन ए. यूएचडी डिस्कला रिजन नसतो, पण त्याच बॉक्समधली ब्लू-रे बी-लॉक असू शकते, आणि पुरवणी माहितीपट बहुधा तिच्यावरच असतात. डीव्हीडीचा रिजन काही प्लेअरांवर रिमोटच्या कोडने सुटतो. ब्लू-रेचा सहसा तसा सुटत नाही, त्यामुळे मल्टी-रिजन केलेला प्लेअरच घ्यावा लागतो. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. ब्रिटिश डिस्कवरच्या जुन्या मुलाखती अनेकदा ५० हर्ट्झच्या असतात आणि अमेरिकेत विकलेले बरेच प्लेअर त्या दाखवत नाहीत. भारत मुळात पाल (५० हर्ट्झच्या टीव्ही प्रसारणाच्या) पद्धतीचा देश असल्यामुळे इथल्या टीव्हीला त्याचा त्रास नाही. पालमुळेच जुन्या ब्रिटिश डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने धावतो. १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. डीव्हीडीवरची वेळ कमी दिसली म्हणजे काटछाट झालीच, असं लगेच समजू नका.

ब्रिटनमधल्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो. परदेशी पाठवताना तो वजा करणारं दुकान निवडा: ३० पौंडांचा बॉक्स २५ पौंडांना पडतो. इथे आल्यावर शुल्क आणि कर लागतो, कुरिअरवाले केवायसी मागतात. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नका. त्याने शुल्क वाचत नाही, पार्सल मात्र अडकतं.

पार्सल आलं की श्रिंकरॅप फाडा. बंद ठेवून किंमत वाढेल, हा विचार दमट हवेत महागात पडतो: ताणलेलं प्लॅस्टिक पुठ्ठ्याच्या कडा आत ओढतं, आणि आतली चुकीची डिस्क परतीची मुदत संपल्यावर कळते. एकच डिस्क दोनदा भरलेली असणं, प्रवासात डिस्क खुंटीवरून निसटून घासली जाणं, हे दोष नेहमीचे आहेत. स्लिपकेस घट्ट असेल तर केस नखाने उपसू नका. उशीवर बॉक्स उघड्या तोंडाने खाली धरा आणि हलकेच हलवा. आत हवा शिरली की केस स्वतःच्या वजनाने सरकते.

डिस्क तपासायला अख्खा चित्रपट बघायची गरज नाही. ५० जीबीच्या डिस्कमध्ये दोन थर असतात. पहिला आतून बाहेर वाचला जातो, दुसरा बाहेरून आत. डिस्क जवळपास भरलेली असेल तर बाहेरच्या कडेवरचा डाग किंवा बोटाचा ठसा त्रास देतो तो चित्रपटाच्या मध्यावर, शेवटी नाही. म्हणून मधली दहा मिनिटं आधी लावा. १०० जीबीच्या यूएचडीत तीन थर असतात, तिथे साधारण एक तृतीयांशाच्या आसपास आणि शेवटी बघा. चित्र थिजलं तर मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नको. ब्लू-रेत माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. डीव्हीडीत हेच अंतर ०.६ मिलिमीटर आहे. वरचं कठीण लेपन साधे ओरखडे सोसतं, पण खोल ओरखड्याला उपाय नाही. डीव्हीडीसारखं पॉलिश करून घ्यायला जाऊ नका.

ठेवण्याचं मुंबई, कोकण आणि गोव्यातलं वेळापत्रक वेगळं हवं. पावसाळ्यात आधी बुरशी धरते ती न रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, आणि कसर लागते ती बुकलेटच्या कण्याला. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. बॉक्सवर बाहेरून पिशवी घालायची तर पॉलिप्रॉपिलीनची घ्या. मऊ पीव्हीसी कालांतराने छपाईला चिकटतं. पिशवी बंद करायची ती जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत, कारण जुलैत बंद केली तर ओल आतच राहते. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला सोसत नाही. उन्हाची तिरीप कण्यावर पडत असेल तर लाल, गुलाबी आणि पिवळे रंग आधी उडतात आणि मालिकेत एकच कणा फिका दिसू लागतो. बॉक्स उभे ठेवा, पण कोंबू नका: ओळीत एक बोट शिरेल इतकी जागा राहिली की स्लिपकेस बाहेर काढताना वरची कड फाटत नाही.

कपाटात आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवा आणि आकडा ६० टक्क्यांच्या वर गेला की सिलिका जेल बदला. रंग बदलणारं केशरी जेल घ्या. वापरलेलं जेल १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवलं की पुन्हा कोरडं होतं. निवल्यावर मगच कपाटात ठेवा.