लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत का? तुम्ही विचारलंत म्हणून

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर, लग्नात, अगदी मयतीलासुद्धा मला एकच प्रश्न असतो. "तुम्ही स्वतः शब्बाथ शाळेत शिकवता, मग मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत का? नगरला आपल्या ख्रिस्ती लोकांची शाळा आहे की!" (शब्बाथ शाळा म्हणजे चर्चमधला रविवारचा धर्मवर्ग.) मी फी सांगते, व्हॅनचा तासाभराचा प्रवास सांगते आणि वेळ मारून नेते. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. आज सगळं सांगते.

मी मिशनच्या बोर्डिंगात वाढले. पहाटेची घंटा, गार फरशीवर गुडघे टेकून केलेली प्रार्थना, पाठ केलेली स्तोत्रं, हे सगळं मला तिथं मिळालं आणि त्याचं ऋण मी कधी नाकारणार नाही. पण सुट्टीत घरी आले की शेजारच्या पोरींना माझं नाव आठवायचं नाही. गावात आमची सात घरं. आम्ही गावचेच, तरी मी पाहुणी. माझ्या लेकीनं पाहुणी होऊ नये, एवढंच मला हवं होतं. शाळा घरापासून पाच मिनिटांवर, मराठीतून, गावातल्याच पोरांबरोबर.

तुम्ही बायबलातलं नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायाचं सहावं वचन दाखवता, लेकराला लहानपणीच योग्य वाटेचं शिक्षण दे, म्हणजे म्हातारपणीही ते ती सोडणार नाही. मला ते पाठ आहे. तिला शाळेत घालताना मीही वचनंच पुढे करत होते. बायबलातला दानीएल बंदी होऊन बाबेलात गेला, तिथल्या खास्दी लोकांची विद्या शिकला, भाषा शिकला, तरी राजाच्या ताटातलं खाऊन विटाळला नाही, असं सासूबाईंना सांगितलं. तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात, हे येशूचं वचनही सांगितलं. आज त्या वेळच्या स्वतःला विचारावंसं वाटतं, बाई गं, दानीएल समजत्या वयाचा होता. सहा वर्षांच्या पोरीला मीठ म्हणून गावात टाकायला तुला कुणी सांगितलं होतं?

शाळा निर्दोष होती असंही मी म्हणणार नाही. पहिलीत असताना दसऱ्याच्या पाटीपूजनाला ती कपाळावर हळदकुंकू घेऊन आली. सासूबाईंनी बघू नये म्हणून मी ते नळावरच पुसलं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, सगळ्याच मुलांना लावलं, तिला एकटीला कसं वगळायचं?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. संपूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाचं २८ वं कलम मला ठाऊक होतं. राष्ट्रगीताला आदरानं उभं राहूनही ते न गाणाऱ्या केरळच्या तीन ख्रिस्ती भावंडांना शाळेतून काढलं, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांची बाजू घेतली, हेही ठाऊक होतं. पण ज्या बाई माझ्या लेकीचं नाक स्वतःच्या पदरानं पुसतात, त्यांच्यापुढे कलम काढायला माझी जीभ रेटली नाही.

आता गेल्या वर्षीचं सांगते. लेक तिसरीत होती. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होती आणि आवाज चांगला म्हणून बाईंनी तिला सुरुवातीची सरस्वतीवंदना दिली. तो आवाज आपल्याच गायनवृंदात घडलेला. तीन दिवस आधी तिनं मला विचारलं, "आई, म्हणू का?" मी भाकरी थापत होते. वर न बघता म्हणाले, "म्हण."

कुणीतरी फोनवर चित्रण केलं आणि रविवारच्या आत ते आपल्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांच्या फोनवर गेलं. शब्बाथ शाळेत मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे चर्चच्या एका ज्येष्ठ कारभाऱ्यांनी, तिला उभं केलं. दहा आज्ञांमधली पहिली, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत, ही म्हणायला लावली. तिनं म्हटली, न अडखळता. मग दुसरीही, मूर्तीला नमू नकोस, ही. मग ते म्हणाले, "आता सगळ्यांदेखत देवाची क्षमा माग." मी पाच हातांवर, लहान मुलांच्या वर्गात बसले होते, मांडीवर चित्रांची पुस्तकं होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, की परवानगी माझी होती, क्षमा मला मागू द्या. मी पुस्तकाचं पान उलटलं.

तिनं डोळे मिटून क्षमा मागितली. आईनं सांगितलं होतं, हे तिनं तेव्हाही सांगितलं नाही आणि घरी आल्यावरही मला म्हणाली नाही.

तुम्ही विचारता, शाळेनं तिचं काय केलं. मला तर आधी हे सांगावं लागेल की आपण तिचं काय केलं. आणि "आपण" म्हणताना मी स्वतःला पाठीमागे लपवत नाही.

पण म्हणून तुमची भीती खोटी आहे, असं मी म्हणू शकत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, पुढे मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंनी तिथं मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे त्यांच्याकडेच घेतले, म्हणून तर आपण ३ जानेवारीला एवढ्या अभिमानानं बोलतो. त्या काळी मिशनच्या शाळेत लेकरू घालणाऱ्या हिंदू आईबापांना हीच धास्ती होती की पोर आपलं राहणार नाही. त्यांची धास्ती काही पोकळ नव्हती. माझे खापरपणजोबा शाळेतूनच ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेरच्या त्या पोराला अक्षर आणि प्रभू एकाच ओसरीवर भेटले. मी त्याच शाळेचं फळ आहे. मग शाळेनं माणूस बदलत नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

कधी वाटतं, बोर्डिंगात घातली असती तर बरं झालं असतं. निदान "म्हणू का?" असं विचारायची वेळ तिच्यावर आली नसती. मग बोर्डिंगातली मी आठवते, मला काहीच विचारावं लागत नव्हतं. विचारायची सवय मला तिशीत लागली, तिला आठव्या वर्षी. हे चांगलं की वाईट, यावर माझे रोज दोन कौल होतात.

आमची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये ती पाचवीत जाईल. शेजारच्या गावच्या हायस्कूलचा अर्ज आणलाय आणि मिशनच्या शाळेचाही, दोन्ही बायबलच्या कपाटात ठेवलेत. परवा मी तिलाच विचारलं, तुला कुठं जायचंय. ती म्हणाली, "जिथं गायला लावत नाहीत तिथं."

वर्ष होऊन गेलं, ती चर्चमध्ये गात नाही आणि शाळेतही नाही. त्या रविवारबद्दल मी अजून तिची क्षमा मागितलेली नाही. ते झाल्याशिवाय मला कुठलाच अर्ज भरवत नाही.